तेवीस मिनिटे

आमच्या शाळेत वेळेचा हिशेब शिपाईमामांकडे असे. मुख्याध्यापकांच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ, शिक्षकांची मनगटी घड्याळे आणि हल्ली प्रत्येकाच्या खिशात असलेले फोन ही सगळी एकमेकांशी भांडत. पण मामांनी टोला दिला की भांडण मिटे. पावणेअकराचा टोला प्रार्थनेचा. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका मंगळवारी मामांनी तो दिला, हातोडी खिळ्याला अडकवली आणि व्हरांड्याच्या पायरीवर ते कोसळले.

त्यानंतर आम्ही जे केले ते सांगताना संकोच वाटतो. पण ते सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही. कोणी पाणी आणले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. एका वडीलधाऱ्या शिक्षकांना ती फीट वाटली, म्हणून त्यांनी चप्पल हुंगवली. मी मुलांना वर्गात पिटाळले आणि मामांचे तळपाय चोळत बसलो. मामा मधूनच घोरल्यासारखा एखादा श्वास घेत, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एखादा. आम्ही एकमेकांना धीर देत होतो, की श्वास चालू आहे, काळजी नको. तसा अडखळता श्वास हे हृदय थांबल्याचेच लक्षण असू शकते, हे मला फार उशिरा कळले. रुग्णवाहिकेला फोन करावा हे सुचायला वेळ लागला, आणि सुचल्यावरही तो कोणी करायचा यात थोडा वेळ गेला. फोनवर नोंद राहिली आहे, ती दहा बावन्नची. गाडी फाटकातून आत आली तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

गाडीतून एक तरुण डॉक्टरबाई उतरल्या. त्यांनी मामांच्या मानेशी बोटे लावली आणि लगेच दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली. दाबता दाबता त्यांनी विचारले, "पडले तेव्हापासून कोणी छाती दाबली का?"

आम्ही अकरा शिक्षक होतो. कोणी बोलले नाही.

मामा गेले. तेराव्यानंतर शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी विषय निघाला. एकजण म्हणाले, "गाडीच उशिरा आली हो, नाहीतर माणूस हाती लागला असता." दुसरे म्हणाले, "उशिरा कशी? खेड्यात अर्ध्या तासात पोचायचं असा दंडक आहे. तेवीस मिनिटांत आली. पास झाली की!" दोघांच्या हाती आकडा एकच होता. मी तेव्हा गप्प बसलो, पण शिक्षकाच्या डोक्यात एकदा पास-नापासाचा शब्द शिरला म्हणजे तो सहजी बाहेर निघत नाही. गाडी जर पास झाली, तर त्या दिवशी नापास कोण झाले? आणि मुळात हा पेपर कोणी काढला, आणि त्यात विचारले काय?

दंडक खरा आहे. १०८ हा क्रमांक १५ ऑगस्ट २००५ रोजी प्रथम हैदराबादेत सुरू झाला; आपल्या महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली आली. आली तेव्हा गाड्या ९३७ होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत जिवावरच्या प्रसंगाची सगळी यंत्रसामग्री होती आणि उरलेल्या ७०४ त्या मानाने साध्या होत्या. डॉक्टर मात्र प्रत्येक गाडीत असावा अशी योजना होती. शहरात २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचावे असे उद्दिष्ट ठेवले गेले. ज्या राज्यात त्याआधी बाळंतपणाच्या अडलेल्या बाईला बैलगाडीत किंवा दुधाच्या टेंपोत घालून नेत, त्या राज्यात ही लहान गोष्ट नव्हे. मी या सेवेची उणीदुणी काढायला बसलेलो नाही. मला प्रश्न पडला आहे तो मापाचा.

कोणी म्हणेल, माणसाच्या जिवाचे माप मिनिटांत काय घ्यायचे? धावून येणाऱ्याची तळमळ कोणत्या तराजूत घालणार? हा आक्षेप ऐकायला गोड आहे, पण मला तो आळशी वाटतो. न मोजणाऱ्याला एक मोठी सवलत मिळते: जे त्याच्या डोळ्यांआड मरतात ते त्याच्या लेखी मरतच नाहीत. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात पॅन्ट्रिज नावाचे एक हृदयरोगतज्ज्ञ होते. इस्पितळाच्या वहीत हृदयविकाराच्या रोग्यांची नोंद होती. किती आले, किती बरे झाले, किती गेले. पण ती वही इस्पितळाच्या दारापाशी सुरू होई. प्रत्यक्षात या दुखण्याने मरणाऱ्यांतले पुष्कळसे पहिल्या तास-दोन तासांत, घरी नाहीतर रस्त्यात मरत. दारापर्यंत पोचलेच नाहीत म्हणून वहीत आलेच नाहीत, आणि वहीत आले नाहीत म्हणून त्यांच्यासाठी काही करायचे कोणाला सुचले नाही. पॅन्ट्रिज यांनी हे वहीबाहेरचे मृत्यू हिशेबात धरले आणि १९६६ साली इस्पितळच रोग्याच्या दारी न्यायचे ठरवले. हृदयाला विजेचा झटका देणारे त्यांचे पहिले फिरते यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चाले आणि त्याचे वजन ७० किलोच्या आसपास होते. चांगल्या धडधाकट माणसाइतके! आज तशी यंत्रे हातात धरून नेता येतात. पण यंत्राच्या आधी तो हिशेब झाला होता, हे विसरता कामा नये.

तेव्हा मोजले पाहिजे. पण मोजायला लागले म्हणजे दुसरी पंचाईत उभी राहते, आणि तिचा सर्वांत बोलका दाखला इंग्लंडात सापडतो.

तिथल्या सरकारी रुग्णवाहिकांना असे उद्दिष्ट घालून दिले होते, की जिवावरच्या प्रसंगी १०० पैकी ७५ वेळा ८ मिनिटांच्या आत पोचायचे. हा आकडा काही हवेतून काढलेला नव्हता. हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबणे किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला शेकडा ७ ते १० ने खाली येते. म्हणजे आठ-दहा मिनिटांत फारसे काही उरत नाही. पण हृदय थांबलेल्यांसाठी योग्य असलेला हा आकडा इतर असंख्य दुखण्यांनाही लावला गेला, आणि त्यावर संस्थांचे गुण ठरू लागले. मग माणसे जे करतात तेच तिथेही झाले. २००३ च्या सुमारास सरकारी तपासनिसांनी नोंदी पाहिल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश संस्थांत वेळा 'दुरुस्त' करून आठ मिनिटांच्या आत बसवलेल्या आढळल्या. काही ठिकाणच्या आलेखात आठव्या मिनिटाच्या अलीकडे उंच डोंगर आणि पलीकडे एकदम दरी! निसर्गात असे डोंगर नसतात. परीक्षेच्या निकालात असतात. ३५ गुणांवर केवढी गर्दी आणि ३४ वर कसा शुकशुकाट, हे तपासनीस म्हणून काम केलेल्या माझ्यासारख्याला नव्याने सांगायला नको.

खोट्या नोंदी राहू द्या. ती उघड लबाडी झाली. मला अधिक विचार करायला लावले ते खऱ्या नोंदींनी. पोचले की घड्याळ थांबते ना? मग एका माणसाला मोटारसायकलवर नाहीतर छोट्या मोटारीतून पुढे पिटाळावे. तो आठ मिनिटांत पोचला की घड्याळ थांबले. रोग्याला उचलून नेणारी मोठी गाडी मागून कितीही वेळाने का येईना, कागदावर सारे यथास्थित. अर्धांगाचा झटका आलेल्या म्हातारीला मोटारसायकलचा काय उपयोग? किंवा एकाच हाकेला दोन-तीन गाड्या सोडाव्यात, पहिली पोचली की बाकीच्यांना अर्ध्या वाटेतून परत फिरवावे. तोवर दुसऱ्या कोणाला गाडी लागली तर ती रिकामीच धावते आहे. यात कोणी खोटे बोलले नाही. प्रत्येकाने नियम पाळला. आठव्या मिनिटाच्या आत पोचलेला आणि तरी दगावलेला रोगी यशाच्या रकान्यात गेला, नवव्या मिनिटाला पोचून वाचलेला अपयशाच्या.

इथे मला आमच्या शाळेच्या फाटकावरचा फलक आठवतो. 'दहावीचा निकाल १०० टक्के.' गेली काही वर्षे तो लागतो, आणि तोही खोटा नाही. फक्त त्यासाठी नववीतच काही पालकांना बोलावून गोड शब्दांत समजावले जाते, की मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, त्याच्यावर ताण नको. बाहेरून बसलेला मुलगा शाळेच्या निकालात धरला जात नाही. अशा एका मुलाच्या वडिलांना समजावायला मी स्वतः गेलो होतो. तो मुलगा आता बसस्टँडवर टायरची पंक्चर काढतो. मला पाहिले की, "नमस्कार सर," म्हणून उभा राहतो. शंभरातून एक वजा केला आणि शंभर टक्के केले, हे गणित मला येत होते म्हणूनच मुख्याध्यापकांनी मला पाठवले असावे.

तेव्हा इंग्लंडला हसण्याचा अधिकार मला तरी नाही. उलट त्यांचे कौतुक असे, की चूक उमगल्यावर त्यांनी २०१७ साली माप बदलले. फोनवर प्रश्न विचारून दुखणे नीट ओळखायला थोडा अधिक अवधी दिला. ज्याला उचलून न्यायचे आहे त्याचे घड्याळ नेणारी गाडी आल्यावरच थांबेल असे ठरवले. अगदी जिवावरच्या प्रसंगी सरासरी ७ मिनिटे, आणि दहांपैकी नऊ वेळा १५ मिनिटांच्या आत. त्याच्या खालच्या वर्गाला, ज्यात अर्धांगाचे झटके येतात, सरासरी १८. माप शहाणे झाले, पण त्यामुळे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्या १८ मिनिटांच्या वर्गाची सरासरी दीड तासावर गेली. गाड्या होत्या, चालकही होते. पण इस्पितळांत खाटा रिकाम्या नव्हत्या, म्हणून रोग्याला पोटात घेऊन गाड्या दाराशी तासन् तास उभ्या होत्या. घड्याळ लावले होते गाडीला आणि ते दाखवीत होते खाटांचा तुटवडा. असे पुष्कळदा होते. दहावीच्या निकालात सहावीतल्या न शिकवलेल्या अपूर्णांकांचा निकाल लागत असतो, पण बोलणी खातो तो दहावीचा मास्तर.

मग मोजायचे तरी काय? या प्रश्नावर निरनिराळ्या देशांतली जाणकार मंडळी १९९० साली नॉर्वेतल्या उटस्टाइन नावाच्या एका जुन्या मठात जमली होती. अडचण अशी होती, की हृदय थांबलेले किती लोक वाचतात याचे निरनिराळ्या गावांचे आकडे एकमेकांशी जुळतच नव्हते. त्याच सुमारास अशा २९ ठिकाणांचे आकडे शेजारी शेजारी मांडले गेले, तर कुठे शेकडा २ वाचत होते, कुठे २५. पण छेदस्थानी कोणाला धरायचे यावरच एकमत नव्हते. आमच्या सतरा नंबरसारखेच! त्या मंडळींनी शब्दांचे अर्थ ठरवले आणि नोंदीचा एक तक्ता तयार केला. तो पुढल्या वर्षी, १९९१ साली प्रसिद्ध झाला. तो तक्ता मी प्रथम पाहिला तेव्हा वाटले होते, त्यात गाडी केव्हा निघाली, केव्हा पोचली एवढेच असेल. ते आहेच. पण त्याआधी विचारले आहे: माणूस कोसळला केव्हा? कोसळताना कोणी पाहिले का? गाडी येण्याआधी तिथे असलेल्या कोणी छाती दाबली का? आणि शेवटी, तो इस्पितळातून जिवंत घरी गेला का, गेला तर कितपत शुद्धीत?

घड्याळ आमच्यासाठीही लावलेले होते तर. आमची घंटा पावणेअकराची, हे साऱ्या गावाला ठाऊक. म्हणून मामा पडले ती वेळ ठाम सांगता येते. गाडीची तेवीस मिनिटे फोनपासूनची. मामांची मात्र तीस झाली होती. त्यातली पहिली सात कोणत्याही चालकाच्या किंवा सरकारच्या नावावर टाकता येत नाहीत. आणि खरे पाहता उरलेली तेवीसही निव्वळ गाडीची नव्हती. ती येईपर्यंत मामांजवळ आम्ही होतो.

अमेरिकेतल्या सिएटल शहराने हे फार लवकर ओळखले. १९७० साली त्यांनी तालीम दिलेली माणसे घेऊन धावणारी गाडी सुरू केली, आणि थोड्याच काळात ध्यानात घेतले की गाडी कितीही पळवली तरी पहिली काही मिनिटे तिच्या हाती नाहीत. ती शेजारपाजारच्यांच्या हाती आहेत. म्हणून त्यांनी गावालाच शिकवायला घेतले. दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी. आज सिएटल आणि त्याभोवतालच्या परगण्यात, लोकांच्या देखत कोसळलेल्या आणि विजेच्या झटक्याने उठू शकेल अशा प्रकारे हृदय बिघडलेल्या रोग्यांपैकी काही वर्षी निम्म्याहून अधिक घरी परत गेले आहेत. हे वाक्य लांबले खरे. पण त्यातली एकही अट गाळली तर ते खोटे होईल.

मामा वाचलेच असते असे कोणताही जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही. तेवीस मिनिटे छाती दाबून कितीजण उठतात? थोडेच. मला त्या थोड्यांचा आकडा नको आहे. तो शोधायला लागलो की मी माझ्यासाठी पळवाट शोधतो आहे, हे मला कळते.

आता एक जागा अशी आहे, जिथे माझे मन अजून ठरलेले नाही. शिक्षक आहे, म्हणून उदाहरण मांडून सांगतो. रस्त्यालगत नऊ गावे आहेत आणि वर घाटात एक वाडी. गाडी एकच. ती फाट्यावर उभी केली तर नऊ गावांना १५ मिनिटांत पोचते आणि वाडीला ९०. सरासरी साडेबावीस. तीच गाडी घाटाच्या पायथ्याशी नेली, तर नऊ गावांना २८ मिनिटे लागतात आणि वाडीला ४०. सरासरी २९ च्या वर जाते. सरासरीने मोजणारा म्हणेल, फाट्यावर उभी करा. अर्ध्या तासाच्या दंडकाने मोजणारा म्हणेल, कुठेही उभी करा, दोन्हीकडे दहांतली नऊच गावे पास. वाडीतली बाई काय म्हणेल हे विचारायला कोणी वर चढत नाही. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवरून आजही रोग्याला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली आणतात. त्यांच्या मिनिटांची सुरुवात फोनपासून नव्हे, पायवाटेपासून होते, आणि गाडीच्या वहीत ती पायवाट नसते. मला वाटते, गाडी पायथ्याशी न्यावी. पण नऊ गावांतल्या कोणाचे हृदय थांबले, तर त्याला मी तेरा मिनिटे अधिक तिष्ठत ठेवले, हेही खरे. माझे घर रस्त्यालगतच्या गावात आहे. वाडीच्या बाजूने बोलताना मला उदार वाटते, आणि रात्री वडिलांचा खोकला ऐकला की तोच मी फाट्याच्या बाजूला जातो.

आमच्या तालुक्यातल्या एका खासगी गाडीचा चालक माझा जुना विद्यार्थी आहे. त्याला मी एकदा विचारले, की तुझे काम चांगले झाले हे तुला कशावरून कळते? तो म्हणाला, "सर, किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, एवढं लिहून देतो. पेशंटचं पुढं काय झालं ते आम्हाला कोण सांगणार? कधी बाजारात एखादा माणूस हात जोडतो, तेव्हा कळतं, हा आपल्या गाडीत होता आणि हा आहे." मग थोडा थांबून म्हणाला, "जे नसतात ते काही भेटत नाहीत." पॅन्ट्रिज यांनी हेच ओळखले होते. माझ्या विद्यार्थ्याने ते गणितात ३५ गुण मिळवून ओळखले, याचा मला शिक्षक म्हणून फुकटचा अभिमान वाटला.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही ग्रामीण रुग्णालयातल्या एका डॉक्टरांना शाळेत बोलावले. त्यांनी रबरी पुतळा आणला होता. छातीच्या मधोमध तळहात ठेवायचा, कोपरे ताठ, पाच सेंटिमीटरपेक्षा थोडे अधिक दाबायचे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आणि तत्पूर्वी कोणाला तरी बोट दाखवून, "तू फोन कर," असे सांगायचे. नुसते "कोणीतरी फोन करा" म्हटले तर कोणी करीत नाही. (हे ऐकून शिक्षकांच्या रांगेतले आम्ही सगळे खाली पाहू लागलो.) मुलांना मोठी मौज वाटली. व्हरांड्यात, त्याच पायरीशेजारी, त्यांनी पाढे म्हणावेत तसे मोठमोठ्याने आकडे म्हणत पुतळ्याची छाती दाबली. आम्हीही दाबली. दोन मिनिटांत हात भरून येतात.

शेवटी नववीतल्या एका मुलीने हात वर केला. मुलगी हुशार, पण प्रत्येक गोष्टीत गुण विचारायची खोड. ती आम्हीच लावलेली. तिने विचारले, "सर, आपण बरोबर दाबत राहिलो, आणि तरी माणूस गेला, तर मार्क किती?"

मुले हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "मार्क नाहीत. पण तक्त्यात त्याचा एक रकाना असतो. गाडी येण्याआधी कोणी छाती दाबली का? तिथं 'होय' लिहितात."

"आणि कोणीच नाही दाबली तर?"

"त्याचाही असतो," डॉक्टर म्हणाले, आणि पुतळा पिशवीत भरू लागले.